साखर मोजली, पाय कोण बघणार?

अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं वाटतं. घरात सांगावं तर उत्तर ठरलेलं : ‘वय झालं, तेल चोळ.’

मैत्रिणींनो, हे नुसतं वय नव्हे. बऱ्याचदा मधुमेहानं पायांचे मज्जातंतू दुखावलेले असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. सरकारी योजनेत तिशीपुढच्या सर्वांची साखर तपासायची असते. आशाताई त्यासाठी घरोघरी जातात. हे चांगलंच आहे. पण साखरेचा आकडा कागदावर येतो आणि पाय चपलेतच राहतात. खरं तर नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासायला काही मिनिटं पुरतात. तरी ही तपासणी बहुधा आपणच मागावी लागते. रिपोर्टात न दिसणारं दुखणं घरातही खरं मानत नाहीत आणि बाईही सगळ्यांचं आवरल्यावरच ते बोलते.

अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांनी ही आग सहसा शमत नाही. उलट त्यातल्या काही रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला धोका. यासाठी अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्झेटीन, प्रीगॅबालीन अशी वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टरांनीच ठरवायची. मात्रा हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला गुंगी येऊ शकते. ‘ही तर नैराश्याची गोळी’ असं कुणी म्हटलं म्हणून ती मधेच सोडू नका. तीच गोळी या वेदनेवरही चालते. जेनेरिक औषध स्वस्त पडतं, त्याची चौकशी करा.

कारण नेहमी साखरच असतं असंही नाही. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि शाकाहारी मंडळींत बी-१२ कमी पडू शकतं. रक्त तपासून घ्या. अंगावर बधिर चट्टा असेल तर लपवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पाय बधिर असतील तर गरम पाण्याचा शेक नको, भाजलेलं कळत नाही. नवरात्रातलं अनवाणी चालणंही नको. देवी रागावणार नाही.

साखरेच्या नोंदीशेजारी पायांचाही रकाना हवा, ही मागणी आपणच लावून धरायला हवी. तोवर पुढच्या खेपेला चप्पल काढा, पाय पुढे करा आणि म्हणा, ‘डॉक्टर, हेही बघा.’