घनसाळचा करपा कोण घालवणार?



या सदरातली जनुकसंपादित भातावरची पत्रे आठवडाभर वाचतो आहे. एक बाजू 'विष, विष' म्हणून ओरडते, दुसरी 'उत्पादन 19 टक्क्यांनी वाढणार' एवढेच घोकते. भात पिकवणाऱ्याला काय हवे, हे कोणीच विचारत नाही.

4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भाताचे दोन जनुकसंपादित वाण जाहीर केले. 19 टक्क्यांचा आकडा त्यांतल्या 'कमला'चा, आणि ते सांबा मसुरीपासून केलेले. चंदगडच्या पश्चिम भागात सांबा मसुरीला विचारतो कोण? आम्ही घनसाळ हा सुवासिक भात लावतो. पीक निसवते, धुके-दव सुरू होते आणि लोंबीच्या मानेशी करप्याचा काळपट डाग पडतो. मग मान मोडते, लोंबी पांढरी पडते, हाताने चोळली तर नुसता कोंडा. औषध मारावे तर पावसाची सर धुऊन नेते. हातातोंडाशी आलेले पीक असे गेल्यावर 19 टक्के वाढ कशावर मोजायची?

जनुकसंपादनाचे तंत्र रोगावर चालत नाही असे मुळीच नाही. चीनच्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये गव्हाच्या एमएलओ जनुकांत बदल करून भुरीला दाद न देणारा गहू केला. 2016 मध्ये भाताचे एक जनुक निकामी करून करपाही कमी करून दाखवला. संकराने प्रतिकारशक्ती आणायची तर घनसाळचा वास जाण्याची धास्ती. जनुकसंपादनात नेमक्या जनुकाला हात लावायचा, बाकी वाण तसेच. शेवटी रोपात परके जनुक उरत नाही, म्हणून तर केंद्राने मार्च 2022 मध्ये अशा पिकांना जीएम पिकांच्या मंजुरीतून सूट दिली. बीटी वांगे या जीएम पिकाचा राग यावर काढणाऱ्यांनी आधी आमच्या बांधावर यावे.

राधानगरीला कृषी संशोधन केंद्र आहे, राहुरीला विद्यापीठ आहे. घनसाळच्या करप्यावर हे काम तिथे सुरू झालेच पाहिजे, आणि आमच्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी पैसा आणला पाहिजे. जनुकसंपादनाच्या 'क्रिस्पर' तंत्राची मूळ पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत. तेव्हा घरचे बियाणे राखून पेरण्याचा आमचा हक्क अबाधित राहील, हे सरकारने लेखी द्यावे. चाचण्यांचे सगळे आकडेही लोकांपुढे ठेवावेत.

  

– एक भातउत्पादक, चंदगड (जि. कोल्हापूर)