गोळीआधीचा हिशेब

जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ काढला. १९८२ च्या संपाने गिरणी कामगाराची चूल विझते आणि घरातला मुलगा टोळीत शिरतो. हे दुखणे केवळ मुंबईचे, असे धार-देवासकरांनी समजू नये. शेजारच्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागला २०२३ साली! आज पीथमपूर-देवासच्या कारखान्यांत दूरदूरचे तरुण पोटासाठी येतात. सगळेच बेकार गुंड होत नाहीत, हे खरे. पण मजुरी हे मालकाच्या खातेवहीतील पहिले देणे आहे, असे वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला वाटते. ते बुडाले, की टोळीवाल्याचे फावते. मित्रहो, पडद्यावरच्या गोळ्या मोजताना ही थकबाकीही मोजा!