बॅग दिसली, नेता दिसला, पायलट का नाही दिसला? हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमधल्या फोटोंमागची गोष्ट

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा प्रचार शेवटच्या टप्प्यात होता आणि विदर्भात हेलिपॅडवरचे व्हिडिओ धडाधड व्हायरल होत होते. ११ नोव्हेंबरला यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत उद्धव ठाकरेंची बॅग तपासली गेली आणि त्यांनी स्वतःच ते मोबाईलवर शूट केलं. त्यानंतर भाजपनं देवेंद्र फडणवीसांच्या बॅगतपासणीचा व्हिडिओ टाकला. १२ तारखेला अचलपुरात योगी आदित्यनाथांची सभा झाली. १६ तारखेला अमरावती जिल्ह्यातल्याच धामणगाव रेल्वे इथं राहुल गांधींची बॅग उघडली गेली.

या सगळ्या व्हिडिओंमध्ये नेते आहेत, अधिकारी आहेत, बॅगा आहेत. ज्यानं ते हेलिकॉप्टर तिथं आणून उतरवलं, तो माणूस मात्र जवळपास कुठंच नाही.

एरवी इन्स्टाग्राम उघडलं की कॉकपिटमधले फोटो आणि रील्स भरपूर दिसतात. ढगांवरून जाणारी पहाट, समुद्रातल्या तेलविहिरीवरचा इवलासा डेक, डोंगरकड्यावरचं लँडिंग. जगभरचे हेलिकॉप्टर पायलट आपल्या कामाचे फोटो आणि किस्से सांगतात, लोकही आवडीनं बघतात. मग आपल्याकडच्या पायलटांच्या गोष्टी इतक्या कमी का ऐकायला येतात? आणि जे फोटो दिसतात, त्यात नेमकं काय बघायचं?

आधी हे समजून घ्या: पायलटचा हात रिकामा नसतो

विमानात ऑटोपायलट लावला की पायलटला थोडी उसंत मिळते. छोट्या हेलिकॉप्टरमध्ये तसं नसतं. उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे दिशा देणारी दांडी. डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारा दांडा. दोन्ही पाय पेडलवर, कारण शेपटीचा पंखा त्यावर चालतो. उजवा हात सायक्लिकवरच ठेवावा लागतो, म्हणून बहुतेक हेलिकॉप्टरमध्ये मुख्य पायलट उजव्या सीटवर बसतो. विमानात तो डावीकडे असतो.

याचा सरळ अर्थ असा, की उडत्या हेलिकॉप्टरमधला चांगला फोटो बहुतेक वेळा सहपायलटनं, मागं बसलेल्या कर्मचाऱ्यानं किंवा आधीच बसवून ठेवलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला असतो. एकटा पायलट हातात मोबाईल धरून शूट करत असेल, तर तो फोटो लाईक करण्याआधी विचार करायला हवा.

मोबाईलनं खरंच अपघात होतात?

होतात, आणि तपासात ते नोंदवलेही गेलेत.

२६ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एक एअर अँब्युलन्स हेलिकॉप्टर इंधन संपून कोसळलं. पायलट, नर्स, पॅरामेडिक आणि पेशंट असे चौघंही गेले. पायलट ड्युटीवर असताना खासगी मेसेज करत होता आणि त्यामुळं त्याचं लक्ष विचलित झालं, असं तिथल्या तपास यंत्रणेनं अहवालात म्हटलं.

दुसरं उदाहरण थेट फोटोंशी जोडलेलं आहे. ११ मार्च २०१८ ला न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये एक हेलिकॉप्टर पडलं. ही फेरी खास फोटोंसाठीच होती. दरवाजे काढलेले, पाय बाहेर सोडून बसायचं आणि खाली शहर दिसेल असा बुटांचा फोटो काढायचा, असा तो सोशल मीडियावरचा ट्रेंड. एका प्रवाशाला बांधलेल्या पट्ट्यात इंधन बंद करायचा खटका अडकला आणि इंजिन थांबलं. हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं. पायलट बाहेर पडला, पण पाचही प्रवासी पट्ट्यांत अडकून बुडाले.

विमान वाहतुकीत एक जुनं तत्त्व आहे, 'स्टराईल कॉकपिट'. टेकऑफ, लँडिंग आणि कमी उंचीवरच्या नाजूक टप्प्यांत कॉकपिटमध्ये कामाशिवाय काहीही करायचं नाही, अगदी गप्पाही नाहीत. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लटजवळ पडलेल्या विमानाच्या तपासात पायलट अवांतर गप्पांत असल्याचं समोर आलं आणि १९८१ मध्ये हा नियम आला. तो लिहिला गेला एअरलाईनसाठी. पण हेलिकॉप्टरचा तर अख्खा प्रवासच कमी उंचीवर होतो. तारा, टॉवर, पक्षी, डोंगर हे सगळं त्याच उंचीवर असतं.

भारतात नियम काय आहेत?

प्रवाशांचं आधी बघू. सप्टेंबर २०२० मध्ये कंगना रनौतच्या चंदीगड-मुंबई विमानात माध्यमांच्या कॅमेऱ्यांची झुंबड उडाली, तेव्हा डीजीसीएनं एअरलाईन्सना तंबी दिली होती: विमानात फोटोग्राफीचे नियम मोडले गेले, तर त्या मार्गावरचं उड्डाण दोन आठवडे बंद. त्याच वेळी हेही स्पष्ट केलं, की प्रवाशानं आपल्या सीटवरून साधे फोटो काढायला बंदी नाही. मे २०२५ मध्ये लष्करी विमानतळांवरून फोटो न काढण्याच्या सूचना पुन्हा कडक झाल्या.

लष्करी पायलटांचा विषय वेगळा. जुलै २०२० मध्ये लष्करानं जवान आणि अधिकाऱ्यांना ८९ ॲप्स काढून टाकायला सांगितली. त्या यादीत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. एका साध्या फोटोतून जागा, यंत्रसामग्री आणि हालचाल शत्रूला कळू शकते, हे कारण. म्हणून सेवेतला पायलट गप्प असतो आणि किस्से ऐकायला मिळतात ते निवृत्त झालेल्यांकडून.

राहिले खासगी पायलट. त्यांच्या मागच्या सीटवर नेता, उद्योगपती किंवा पेशंट असतो. प्रवासी कोण, कुठून कुठं निघाला, हे सांगणं त्यांच्या पेशात बसत नाही. बॅगतपासणीच्या व्हिडिओंत पायलट का दिसत नाही, याचं हेही एक उत्तर.

महाराष्ट्रात यांचं काम नेमकं कुठं चालतं?

मुंबईतलं जुहू हे मुख्य ठिकाण. १९२८ मध्ये सुरू झालेलं हे देशातलं पहिलं नागरी विमानतळ. इथून हेलिकॉप्टर्स समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हायच्या तेलविहिरींवर कर्मचारी नेतात. डेकचे फोटो बघायला सुंदर असतात, पण काम जोखमीचं. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, सात जण होते. २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ आणखी एक पडलं, त्यात चौघांचा जीव गेला.

दुसरं टोक गडचिरोली. निवडणुकीत दुर्गम केंद्रांवर कर्मचारी पोहोचवायचे असोत, चकमकीतले जखमी जवान नागपूरला न्यायचे असोत, की पुरानं तुटलेल्या भामरागडमधून गरोदर बाईला दवाखान्यात आणायचं असो, तिथं हेलिकॉप्टर हाच रस्ता असतो.

तिसरं काम म्हणजे पूर. २०१९ मध्ये वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस असो, सांगली-कोल्हापूर असो, की २०२१ चं चिपळूण, प्रत्येक ठिकाणी हेलिकॉप्टर धावून आलं. या कामातली सगळ्यात लक्षात राहिलेली फ्रेम मात्र केरळची आहे. १७ ऑगस्ट २०१८ ला नौदलाचे कमांडर विजय वर्मा यांनी कोचीजवळ पुरात अडकलेल्या गरोदर महिलेला वर खेचून घेतलं. काही दिवसांनी तिथल्या एका गच्चीवर पांढऱ्या रंगात मोठ्ठं 'थँक्स' लिहिलेलं दिसलं. तो फोटो देशभर फिरला. पायलटची गोष्ट त्यानं स्वतः न सांगता लोकांपर्यंत पोहोचली, ती अशी.

अचलपूरकरांनी याकडे का बघावं?

अचलपूर-परतवाड्यापासून सगळ्यात जवळचं विमानतळ अमरावतीचं बेलोरा, सुमारे ५० किलोमीटरवर. तिथून मुंबईचं विमान सुरू झालं १६ एप्रिल २०२५ ला. म्हणजे इथल्या बहुतेकांनी हेलिकॉप्टर जवळून बघितलंय ते प्रचारातच, शाळेच्या मैदानावर किंवा शेतात आखलेल्या तात्पुरत्या हेलिपॅडवर. पांढरं वर्तुळ, मधे 'एच', कडेला अग्निशमनची गाडी आणि भोवती मोबाईल उंचावलेली गर्दी.

पायलटच्या नजरेनं ही जागा अवघड असते. पहिली अडचण धूळ. पंख्याचा वारा खाली आपटला की कोरडी माती उडते आणि ऐन उतरताना जमीनच दिसेनाशी होते. ३ मे २०२४ ला महाडमध्ये सुषमा अंधारेंना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच धुरळ्यात कलंडलं. पायलट वाचला आणि व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. हेलिपॅडवर आधी पाणी मारतात ते यासाठीच.

दुसरी अडचण ऊन. तापलेली हवा विरळ असते, पंख्याला कमी आधार देते. अकोला-अमरावतीत पारा ४५ कडे गेला, की तेच हेलिकॉप्टर हिवाळ्याइतकं वजन उचलू शकत नाही. पायलट 'एक माणूस कमी करा' म्हणतो, तेव्हा तो नखरा नसतो. तिसरी अडचण तारा. २५ मे २०१७ ला निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्यावर लगेच तारांत अडकून खाली आलं होतं. सुदैवानं सगळे वाचले.

चौथी अडचण म्हणजे आपण. शेपटीचा पंखा इतका जोरात फिरतो, की जवळून तो जवळपास दिसतच नाही. २३ एप्रिल २०२३ ला केदारनाथमध्ये त्याचा फटका बसून एका सरकारी अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. रोज हेलिकॉप्टर बघणाऱ्यांच्या बाबतीत हे घडू शकतं, तर रीलसाठी पहिल्यांदाच जवळ जाणाऱ्याचं काय?

ज्या निर्णयाचा फोटो निघत नाही

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून निघालेलं हेलिकॉप्टर खराब हवामानात गौरीकुंडजवळ कोसळलं. सातही जण गेले. त्यात वणीचं एक जोडपं आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी होती. २ ऑक्टोबर २०२४ ला पुण्याच्या बावधनमध्ये सकाळच्या धुक्यात हेलिकॉप्टर पडून दोन पायलट आणि एक इंजिनिअर गेले. जानेवारी २०२० मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर ढगात शिरलं, तेव्हा पायलटला दिशेचं भान राहिलं नव्हतं. ठरलेली फेरी पूर्ण करायचीच, हा त्यानं स्वतःवरच घेतलेला दबावही तपासात नोंदवला गेला.

सोशल मीडिया हा दबाव वाढवतो. ढग फाडून उतरलेल्या पायलटची रील लाखो लोक बघतात. 'आज उडायचं नाही' म्हणून हेलिकॉप्टर जमिनीवरच ठेवणाऱ्याची रील होत नाही. उलट सभेला उशीर झाला, दर्शन हुकलं, म्हणून शिव्या त्यालाच पडतात. जगभरचे अनुभवी पायलट आपल्या किस्स्यांत अर्ध्यातून परत फिरल्याच्या गोष्टीही सांगतात. नव्यांसाठी खरं शिक्षण त्यातच असतं आणि प्रवाशांसाठीही.

त्यामुळं पुढच्या वेळी कॉकपिटमधला फोटो समोर आला, की दोन गोष्टी बघा. फोटो काढणारा कोण आणि तेव्हा हेलिकॉप्टर कोण चालवत होतं? आणि पुढच्या प्रचारात मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं, तर दोरीच्या बाहेर थांबा, डोक्यावरची टोपी आणि हातातला झेंडा धरून ठेवा, पंखे पूर्ण थांबेपर्यंत पुढं जाऊ नका आणि शेपटीच्या बाजूला तर कधीच नाही. सभा ढगांमुळं रद्द झाली, तर पायलटनं आपलं काम केलंय एवढं समजून घरी जा.