जुन्या मोटारीचा चोक

जुन्या मोटारीच्या एका लहानशा कळीविषयीं शाळेच्या वार्षिकांत लिहावें काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु ती कळ पुष्कळदां विद्यार्थ्यांच्याच हातीं येते. वडील आंत चहा घेत असतात आणि चिरंजीवांस आज्ञा होते, "जा, गाडी गरम करून ठेव." ही आज्ञा आम्हांस मान्य नाहीं.

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें गेली. नव्या गाड्यांत पेट्रोलाचें माप यंत्र स्वतःच ठरवितें, त्यामुळें चोक म्हणजे काय हें पुष्कळ मुलांस ठाऊकही नसतें. तरी बाभुळगांव, कळंब, धामणगांव या बाजूस आजोबांची एखादी फियाट किंवा पहिल्या वळणाची मारुती अजून गोठ्याशेजारच्या शेडमध्यें उभी असावयाची, आणि लग्नकार्यास ती निघावयाचीही.

इंजिनास एक भाग पेट्रोलामागें, वजनानें, सुमारें १४.७ भाग हवा लागते. इंजिन थंड असतां पेट्रोलाची पुरती वाफ होत नाहीं. त्यांतील हलका अंश तेवढा उडतो आणि बाकीचें थेंब होऊन नळीच्या भिंतीस चिकटतें. ज्वाला पेटावयास वाफ हवी, थेंब नव्हेत. म्हणून कांहीं काळ पेट्रोल वाजवीहून अधिक द्यावें लागतें. कळ ओढली म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडावरील झांकण मिटतें, हवेची वाट अडते, आणि पिस्टनची सारी ओढ बारीक छिद्रावर पडून पेट्रोल अधिक येतें. (कांहीं कार्ब्युरेटरांत झांकणाऐवजीं पेट्रोलाची निराळी वाट उघडते, परिणाम एकच.)

हा उपाय कांहीं क्षणांपुरता आहे. पुष्कळ वडील मंडळी मात्र चोक पुरा ओढून दहा-दहा मिनिटें गाडी जागेवर चालू ठेवितात. त्यांचा हेतु चांगला असतो. पूर्वीचें ऑइल थंडींत दाट होई, तें पातळ होईपर्यंत थांबणें शहाणपणाचें होतें. आतांचें मल्टिग्रेड ऑइल थंडींतही नीट वाहतें. आणि आमच्याकडे जानेवारीच्या पहांटे पारा १०-१२ अंशांवर येतो, ही कांहीं हिमालयांतील थंडी नव्हे. उलट, न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलाचा पातळ थर धुऊन काढतें, खालीं उतरून साऱ्या ऑइलांत मिसळतें, आणि प्लगांवर काजळी चढते. ज्या इंजिनाच्या काळजीपोटीं हें केलें, तेंच झिजतें. वास्तविक चोक पुरा ओढून, ॲक्सिलरेटरला पाय न लावतां स्टार्टर द्यावा. इंजिनानें पेट घेतला कीं कळ अर्धी आंत सारावी व अर्ध्या मिनिटानें गाडी हळू काढावी. चालती गाडी उभ्या गाडीहून लवकर तापते. बाभुळगांवाहून यवतमाळास निघालेल्यानें एक-दोन किलोमीटरांत कळ पुरती आंत घातलेली असावी.

आमचा खरा आक्षेप मात्र पेट्रोलाच्या नासाडीविषयीं नाहीं. चोक ओढलेल्या इंजिनास हवा अपुरी मिळते, पेट्रोल अर्धवट जळतें, आणि त्या अर्धवट ज्वलनांतून कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. धुराला येतो तो वास दुसऱ्या द्रव्यांचा. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां २०० हून अधिक पट ओढीनें बिलगतो, आणि प्राणवायूस जागा उरत नाहीं. डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते. आणि गुंगी आलेल्या मुलास उठून दार उघडण्याची शक्ति राहत नाहीं. अशा जुन्या बहुतेक गाड्यांस हा वायु निर्विष करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतें. "शटर अर्धें उघडें होतें" हें उत्तर आम्हीं ऐकिलें आहे; तें पुरेसें नाहीं. गाडी आधीं बाहेर ढकलावी, मग सुरू करावी. दोघांनीं हात लावला तर फियाट सहज हलते. आणि हें काम वडिलांनीं स्वतः करावें, चहा निवला तरी चालेल.

"हल्लीं चोक आंत घातला कीं गाडी बंदच पडते," असेंही पालक म्हणतात. यांत तथ्य आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल देशांत विकूं लागलें. इथेनॉलांत प्राणवायु मुळांतच असल्यामुळें या मिश्रणास १४.७ ऐवजीं सुमारें १३.५ भागच हवा लागते. शिवाय वाफ होतांना इथेनॉल पेट्रोलाहून पुष्कळ अधिक उष्णता ओढून घेतें. जुन्या कार्ब्युरेटरास हें कळत नाहीं. तो जुन्याच मापानें वाढतो आणि इंजिन अर्धपोटीं राहतें. परंतु याचा इलाज मिस्त्रीकडे आहे. जेट किंचित् मोठा बसवावा, इथेनॉलनें फुगणाऱ्या जुन्या रबरी नळ्या बदलाव्या. चोक अर्धा ओढून यवतमाळ गांठणें हा इलाज नव्हे.

उन्हाळ्यांत, पारा ४५ अंशांकडे झुकला असतां, चोकाची सहसा गरजच नसते. केवळ संवयीनें ओढला तर प्लग भिजतात, गाडी 'ओव्हर' होते, आणि मग बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारला जातो. अशा वेळीं कळ आंत ढकलून, ॲक्सिलरेटर पुरता दाबून धरून स्टार्टर द्यावा, म्हणजे हवा शिरून प्लग सुकतात. तेवढ्यानें न भागल्यास प्लग काढून, पुसून दहा मिनिटें उन्हांत ठेवावे. तें ऊन आमच्याकडे मुबलक आहे.