पेप्टाइडची एक्सेल शीट

गेल्या शनिवारी घाटकोपरला मेट्रोतून उतरताना एका मित्राने मोबाईलवर एक्सेल शीट दाखवली. सेमॅक्स, सेलँक, एपिटालॉन अशी तीन नावं, पुढे बुद्धी, चिंता, वार्धक्य असे रकाने आणि प्रत्येकात दहापैकी गुण. गडी मुलुंडचा, माझ्याच बॅचचा. सहा महिने नाइट शिफ्ट करतोय, झोप उडालीये. म्हणे, "यातलं कुठलं घेऊ? तुझं डोकं अशा गोष्टींत चालतं."

मंडळी, डोकं चाललं नाही, फिरलं.

अरे, गुण द्यायला तिघांचा पेपर तरी एकच हवा ना? सेमॅक्स मॉस्कोत बनलेलं; रशियात ते पक्षाघाताच्या पेशंटना नाकात थेंब घालून देतात. पक्षाघात झालेला मेंदू आणि रात्री दोनला डीबगिंग करून शिणलेला मेंदू एक नव्हे. सेलँकसाठी २००८ मधला रशियन अभ्यास पुढे करतात. पेशंट किती? ६२. तुलना मेडाझेपाम नावाच्या जुन्या गोळीशी, प्लासिबोशी नाहीच. आणि एपिटालॉन? २००३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या खाविन्सन यांनी दाखवलं की प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींत त्याने टेलोमरेज जागं होतं. झक्कास! फक्त बहुतेक कॅन्सरच्या पेशीही त्याच टेलोमरेजच्या जोरावर वाढत राहतात. हा रकाना शीटमध्ये नव्हता.

"पण पेप्टाइड नॅचरल असतात रे." इन्सुलिनही पेप्टाइडच आहे राजा, डोस चुकला तर माणूस जातो. सेमाग्लुटाइडही पेप्टाइडच, जून २०२५ मध्ये वेगोवी नावाने भारतात आलं. पण त्याच्या हृदयविकारावरच्या एका चाचणीतच १७,६०४ माणसं होती. सतरा हजार कुठे, बासष्ट कुठे!

वर त्या कुपीच्या फोटोत लेबलवर स्वच्छ छापलंय, "फक्त संशोधनासाठी". शुक्रवारी संध्याकाळी आपण टेस्ट न केलेला कोड प्रॉडक्शनवर टाकत नाही (बरं, एकदा टाकला होता). आणि इथे पावडर कुणी भरली, काय भरली, पत्ता नाही, ती स्वतःच्या पोटात टोचायची?

पण माझा खरा राग वेगळाच आहे. सायकिअ‍ॅट्रिस्टकडे चल म्हटलं, तर म्हणाला, "आईला कळलं तर?" म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेली सुई चालते, डॉक्टरची पायरी चढायची लाज! चिंतेवर नीट तपासलेली औषधं आहेत, समुपदेशन आहे. तेही नको तर २०२२ पासून सरकारची टेलिमानस आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास. नंबर त्याच्या मोबाईलमध्ये मीच सेव्ह केला.

शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये, मी सोबत जाणार आहे. कुरिअर मात्र मंगळवारीच येतंय.