शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा बदला

जगाचा मर्केटर पद्धतीचा नकाशा वापरणे थांबवावे, या मोहिमेला आफ्रिकन युनियनने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर पाठिंबा दिला. आफ्रिका खंड या नकाशात आहे त्याहून कितीतरी लहान भासतो, ही त्यांची तक्रार. ती रास्त आहेच. पण हा प्रश्न एकट्या आफ्रिकेचा नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आपल्या मुलांचाही तो तितकाच आहे.

मुलांना एक प्रयोग करायला सांगावा. जगाच्या मर्केटर नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून फिनलंडची बाह्यरेषा काढायची आणि तो कागद महाराष्ट्रावर सरकवायचा. फिनलंड महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा भरतो. आता क्षेत्रफळे पाहा : फिनलंड ३.३८ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्र ३.०८ लाख. फरक जेमतेम एक दशांशाचा! नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड मिळून या नकाशात भारतापेक्षा मोठे दिसतात. खरे तर भारत या तिघांच्या बेरजेच्या पावणेतीन पट आहे. ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचा वाटतो, पण आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील.

यात नकाशाकार मर्केटरचा दोष नाही. त्याने १५६९ मध्ये हा नकाशा काढला तो दर्यावर्दींसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकायचे, तर तो मार्ग कागदावर सरळ रेषेत यावा, ही त्यांची गरज होती. त्यासाठी ध्रुवांकडे जाताना नकाशा ताणत न्यावा लागतो. साठ अंश अक्षांशावर लांबी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. आपल्या एकोणीस अंशांवर ते फक्त बारा टक्क्यांनी वाढते. त्यामुळे उत्तरेकडचे देश फुगतात आणि विषुववृत्ताजवळचे त्यांच्यापुढे किरकोळ दिसू लागतात.

लोकलच्या डब्यातला मार्गाचा तक्ता आठवा. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण अशी स्टेशने त्यात ओळीने येतात. कुठे उतरायचे हे कळायला तो उत्तम. पण त्यात खाडी नाही आणि पारसिकचा डोंगरही नाही. भिवंडी रोड तर दिवा-वसई मार्गावर कुठेतरी बाजूला पडलेले. प्रत्यक्षात कल्याणला दुर्गाडीपाशी खाडी ओलांडली की कोनगाव आणि पुढे भिवंडी! त्या तक्त्यावरून कोणी जिल्ह्याचा भूगोल शिकवायला निघाले, तर आपण लगेच हरकत घेऊ. मग जहाजांसाठी काढलेल्या नकाशावरून देशांचे आकारमान शिकवले जाते, तेव्हा आपण गप्प का बसतो?

लहानपणी रोज डोळ्यांसमोर असलेले चित्र मनात पक्के बसते. जो देश मोठा दिसतो तो महत्त्वाचा आणि जो लहान दिसतो तो दुय्यम, हे न शिकवताच शिकवले जाते. मुंबईहून नैरोबी सुमारे साडेचार हजार किलोमीटरवर आहे, तर लंडन सात हजारांहून अधिक. तरीही लंडन आपल्याला घरचे वाटते आणि आफ्रिका परकी. कल्याणकरांनी तरी असे समजू नये. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि ते इजिप्तमध्ये राहणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहिले, असे मानले जाते. सहाव्या शतकात कल्याणची नोंद करणारा कॉस्मसही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचाच. आफ्रिकेच्या किनाऱ्याशी आपले नाते असे जुने आहे.

गोल पृथ्वी सपाट कागदावर तंतोतंत उतरत नाही, मग कोणताही नकाशा लावला तरी काय फरक पडतो, असे काहीजण म्हणतील. फरक पडतो. प्रत्येक नकाशा काहीतरी सोडतो. काय सोडायचे हे कामावरून ठरवायचे असते. मोबाइलवर गल्लीबोळ शोधताना मर्केटरचीच सुधारित पद्धत सोयीची ठरते, कारण तिच्यात रस्त्यांचे कोन बिघडत नाहीत. पण वर्गात देशांची तुलना करायची, तर क्षेत्रफळ अचूक दाखवणाराच नकाशा हवा. ‘पीटर्स’ या अशा एका नकाशात क्षेत्रफळे बरोबर असली, तरी खंड लांबट होतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच २०१८ मध्ये ‘इक्वल अर्थ’ नकाशा तयार झाला. त्यात क्षेत्रफळेही बरोबर आहेत आणि खंडांचे आकारही डोळ्यांना खटकत नाहीत. तो विनामूल्य उपलब्ध आहे, त्यामुळे खर्च फक्त छपाईचा.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या शिक्षण विभागांनी आणि खासगी संस्थांनी आपापल्या शाळांतले नकाशे एकदा तपासावेत. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसला, तर तो नकाशा उतरवून समक्षेत्र नकाशा लावावा आणि प्रत्येक शाळेत मुलांच्या हाताला लागेल असा पृथ्वीगोल ठेवावा. पालकांनीही पुढच्या पालकसभेत हा विषय काढावा. स्नेहसंमेलनाच्या खर्चाच्या एका कोपऱ्यात बसणारे हे काम येत्या जूनपर्यंत सहज होऊ शकते.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)