एकाच वाणावर भिस्त

रावेर-यावलच्या केळीबागांची समृद्धी निर्विवाद आहे. परंतु तिच्या एकसारखेपणातच धोका दडलेला आहे. खाण्याच्या केळीत बी धरत नाही. तिची लागवड मुनव्यांपासून अथवा ऊतिसंवर्धित रोपांपासून होते. म्हणजे प्रत्येक झाड मूळ झाडाची नक्कल. बीजापासून होणाऱ्या प्रजननात दोन जनकांचे गुण दर पिढीस नव्याने मिसळतात, म्हणून रोग आला तरी काही झाडे तग धरतात. नकलांना ही सोय नाही.

मध्य अमेरिकेतील ‘ग्रो मिशेल’ हे वाण पनामा मर रोगाने १९६० च्या सुमारास निर्यातव्यापारातून हद्दपार झाले. त्याची जागा ‘कॅव्हेंडिश’ने घेतली, जळगावची ‘ग्रँड नैन’ त्याच कुळातली. त्या बुरशीचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशात पोचला आहे.

यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. बाजार ज्याला भाव देतो, तेच तो लावतो. परंतु धोका सामाईक असेल, तर विम्याचा हप्ताही सामाईकच हवा. वसईची राजेळी, वेलची यांसारखी वाणे राखणाऱ्या बागायतदारांना शासनाने नियमित मोबदला द्यावा. उद्याच्या प्रतिकारक वाणाचे गुण अशा विविधतेतच शोधावे लागतील; ती एकदा नष्ट झाली की कोणत्याही किमतीस मिळणार नाही.